पोटखराब

सरकारी दप्तरातील शब्द बहुधा रुक्ष असतात. तथापि एखादा शब्द असा आढळतो की, त्याच्या पोटी एक संपूर्ण विचारसरणी दडलेली असते. 'पोटखराब' हा अशांपैकी एक होय. सातबाराच्या उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र नोंदताना जो भाग खडकाळ आहे, ज्यात नांगर चालत नाही, त्याची नोंद ह्या शब्दाने निराळी करतात. पीक नाही म्हणून त्याचा हिशेब वेगळा. ह्या व्यवस्थेशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. शेतसारा बसवावयाचा तर पिकाऊ आणि नापीक हा भेद करावाच लागतो. परंतु हिशेबाच्या सोयीसाठी केलेला भेद कालांतराने मनात मूल्याचा भेद होऊन बसतो. ज्यात पीक नाही ते खराब. जे खराब ते रिकामे. आणि जे रिकामे त्याचे ज्याला जे वाटेल ते त्याने करावे, अशी विचाराची घसरण कोणाच्या ध्यानातही न येता होऊन जाते. ह्या घसरणीला कोठे अडवावयाचे, किंबहुना अडवावयाचे तरी कशाच्या आधारावर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणादाखल रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील भूशिरे, म्हणजे डोंगरांच्या समुद्रात शिरलेल्या सोंडा, आणि त्यांच्या माथ्यावरचे कातळी सडे घेतले आहेत. कारण पोटखराब ह्या शब्दास ह्याहून अधिक पात्र भूमी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

धंतोलीत राहून कोकणच्या कातळाची चिंता वाहणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. नागपूरहून रत्नागिरी सरळ रेषेतही साडेसातशे किलोमीटरांहून दूर. येथील पुष्कळांनी ते भूशिर पाहिलेले नाही आणि पुढेही पाहणार नाहीत. परंतु नेमका ह्याच कारणास्तव प्रश्न येथून विचारणे इष्ट वाटते. जो समुद्रकाठी राहतो त्याचे हितसंबंध तेथे गुंतलेले असतात. जो पाहून आला त्याच्या डोळ्यांवर सौंदर्याची धुंदी असते. ज्याला त्या भूमीपासून कसलाच लाभ नाही, त्याच्यावर तिचे काही देणे लागते की नाही, हा प्रश्न दूरच्या माणसापुढेच शुद्ध स्वरूपात उभा राहतो.

शिवाय ते नाते वाटते तितके दूरचे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार झाले, त्याची पूर्वेकडील कड नागपुराजवळ येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी ही त्याच काळ्या पाषाणाची. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांनी नागपूरच्या टाकळी परिसरात लाव्हाच्या दोन थरांमधील गाळातून वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष गोळा केले. त्यांच्या नावाने पुढे १८८३ साली येथे महाविद्यालय निघाले. ह्याच पाषाणाची पश्चिमेकडील कड कोकणात समुद्राला भिडते. तेथे उष्णता आणि अतिवृष्टी ह्यांनी तो युगानुयुगे कुजला. त्यातील सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि काळ्या फत्तराचा तांबडा, सच्छिद्र जांभा झाला. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन ह्यांनी मलबारात अशाच दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. कारण तेथील लोक तो विटांसारखा कापून घरे बांधीत. कोकणातही त्याचे चिरे निघतात. एकाच पाषाणाच्या एका टोकावर आमचे शहर आहे आणि दुसऱ्या टोकावर समुद्र आपटतो आहे.

आता त्या दुसऱ्या टोकाकडे वळू. रत्नागिरीचा रत्नदुर्ग ज्या भूशिरावर उभा आहे त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे. नालाच्या आकाराने पसरलेल्या त्या तटबंदीच्या आत बालेकिल्ल्यावर भगवतीचे देऊळ आहे. दुसऱ्या टोकाला दीपगृह आहे. आणि खाली सरळ तुटलेल्या कड्याच्या पायथ्याशी लाटांनी कोरलेल्या गुहा आहेत. समुद्रातून येणाऱ्या लाटांची रीत अशी की, किनारा जेथे पुढे आलेला असतो तेथे त्या वळून एकवटतात आणि दोन भूशिरांमधील बाकात पसरून दुबळ्या होतात. म्हणून भूशिर सतत झिजत असते आणि शेजारच्या बाकात वाळू साठून पुळण तयार होते.

माथ्यावर चढून गेले की सडा लागतो. हे दृश्य सह्याद्रीच्या हिरव्या चित्रांशी मुळीच जुळणारे नव्हे. वैशाखात तेथे सावली नाही, पाणी नाही. काळपट तांबड्या कातळावर ऊन असे तापते की अनवाणी पाऊल ठेववत नाही. आठ महिने पाहणाऱ्यास वाटावे, येथे काहीच नाही. मात्र मृगाच्या पहिल्या सरी पडताच कातळातील बोटभर मातीतून दीपकाडी वर येते. पांढऱ्या फुलांचा तिचा दांडा काही दिवसच उभा असतो आणि कोकणच्या जांभ्यापलीकडे ती फारशी कोठे आढळत नाही. मागोमाग पाणी साठलेल्या खळग्यांभोवती गेंद आणि निळसर जांभळी सीतेची आसवे फुलतात. ही सीतेची आसवे वरून कितीही कोमल दिसोत, त्यांच्या मुळांच्या जागी सूक्ष्म फुगे असतात व त्यांत ती पाण्यातील बारीक जीव धरून पचवितात. कारण त्या कातळात अन्न इतके थोडे की वनस्पतीलाही शिकार करावी लागते. टिटवी आणि चंडोल उघड्या भूमीवर अंडी घालतात. कड्याजवळच्या उंच झाडावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड वर्षानुवर्षे त्याच घरट्याची डागडुजी करून पिले वाढवितो व मासे आणि समुद्रसाप आणून त्यांना भरवितो. आणि तापलेल्या दगडांखाली फुरसे असते.

फुरशाची कथा आपल्या प्रश्नाशी निकटची आहे. वीतदीड वीत लांबीचा हा विषारी साप रत्नागिरीच्या सड्यांवर इतका विपुल होता की, सरकार तो मारणाऱ्यास बक्षीस देई. १८६२ सालच्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढविताच अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. अनवाणी गवत कापणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ह्यात गैर काहीच नव्हते. पोटखराब जमीन निदान निरुपयोगी. फुरसे तर उघड उपद्रवी. परंतु विसाव्या शतकात ह्या सापाच्या विषात रक्ताच्या कणिकांना एकमेकींस चिकटू न देणारे एक द्रव्य सापडले आणि त्याच्या घडणीवरून टायरोफिबान नावाचे औषध रचण्यात आले. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ लागली असता ते देतात. धंतोली ही आज रुग्णालयांची वसाहत झाली आहे. येथल्याच एखाद्या खाटेवरील रुग्णाच्या शिरेत ते जात असणे अशक्य नाही.

निसर्गाचा कैवार घेणारे लेखक अशा ठिकाणी येऊन थांबतात आणि विजयी मुद्रेने म्हणतात, "पाहा, ज्याला तुम्ही निरुपयोगी म्हणत होता ते किती उपयोगी निघाले!" हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण मला तो धोक्याचा वाटतो. कारण एकदा उपयोगाच्या न्यायासनापुढे उभे राहावयाचे कबूल केले की, निकालही त्याच न्यायासनाचा मानावा लागतो. टायरोफिबान आता प्रयोगशाळेत तयार होते. त्यासाठी एकही फुरसे लागत नाही. मग त्याचे काम संपले काय? उद्या दीपकाडीच्या कंदात औषध नाही असे सिद्ध झाले, तर ती उपटून टाकण्याचा परवाना मिळाला काय? जो पुरावा देऊन आपण एखाद्याला सोडवितो, तोच खोटा ठरताच त्याला फासावर द्यावे लागते. वकिलीचा हा मार्ग सोयीचा खरा, परंतु न्यायाचा नव्हे.

दुसरा कैवार सौंदर्याचा. सडा पावसाळ्यात सुंदर दिसतो, कड्यावरून सूर्यास्त अप्रतिम दिसतो, म्हणून ते राखावे. ह्यात सत्यांश आहे. तरी सौंदर्य हाही एक उपभोगच, फक्त तो जिभेऐवजी डोळ्यांचा. शिवाय सौंदर्याच्या मापाने सगळ्यांना सारखा न्याय मिळत नाही. २०२१ साली आमच्या शेजारच्या अजनीतील झाडे स्थानकाच्या नव्या योजनेसाठी तोडली जाणार असे कळताच नागपूरकर विरोधास उभे राहिले, आणि ते योग्यच झाले; पण झाडावर प्रेम करणे सोपे आहे, ते सावली देते. ज्या कातळावर वैशाखात उभे राहवत नाही, त्याच्यासाठी कोणी गळा काढावा?

आपल्या परंपरेतही ह्या विषयावर एकवाक्यता नाही. सांख्यांच्या मते प्रकृतीचा सारा खटाटोप पुरुषासाठी आहे. नर्तकीने रंगभूमीवर नृत्य दाखवून निवृत्त व्हावे, तशी ती पुरुषाला दर्शन देऊन थांबते. कोकणच्या भूमीची कथाही तीच दृष्टी सांगते: परशुरामाने समुद्र मागे हटविला तो माणसांना वस्ती करता यावी म्हणून. ईशोपनिषदाचा आरंभ मात्र नेमका उलट आहे. हे सर्व जगत् ईश्वराचे वसतिस्थान आहे, त्यागपूर्वक भोग घ्यावा, दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नये, असे तो मंत्र सांगतो. ज्याचे मालक आपण नाही ते आपल्याला उपयोगी नाही म्हणून खराब ठरत नाही. ते केवळ दुसऱ्याचे असते. पाश्चात्त्यांत कांट ह्यांनी १७८५ साली असा भेद केला की, ज्याच्या बदली दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते आणि ज्याच्या बदली काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. मात्र ती प्रतिष्ठा त्यांनी विवेकशील प्राण्यांपुरती राखून ठेवली. १९०३ साली जी. ई. मूर ह्यांनी वाचकांस एक कल्पना करावयास सांगितली: एक जग अत्यंत सुंदर, दुसरे अत्यंत ओंगळ, आणि दोन्ही पाहणारा कोणीही कधीही नसणार, तरीही पहिले असणे हे दुसरे असण्याहून बरे नव्हे काय? बरे, असे मूर म्हणतात.

मूर ह्यांच्या उत्तरास पुष्कळांनी हरकत घेतली आहे, आणि कल्पनेतील जगाविषयी वाद कितीही लांबविता येतो. म्हणून प्रत्यक्षातील एक अंधारी जागा पाहावी. वेंगुर्ल्याच्या समोर भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. त्यांतील एका बेटाच्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हुमायून अब्दुलअली ह्यांनी ह्या पाकोळ्यांविषयी व तेथील सुरय पक्ष्यांविषयी १९४२ साली लिहिले होते. ह्या पाकोळ्या गुहेच्या काळोखात टकटक असा आवाज करीत उडतात व त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखतात; आणि आपल्या लाळेचा थर सुकवीत सुकवीत खडकाला वाटीसारखे घरटे चिकटवितात. त्या घरट्यांचे सूप चीनमध्ये मोठ्या किमतीला विकले जाते. म्हणून ती चोरून खरवडून नेण्याचा धंदा तेथे चाले. घरटे गेले की पाकोळी पुन्हा लाळ गाळून नवे करू लागते. आता त्या अंधारात सौंदर्य पाहणारा कोणी नाही. बाजाराच्या दृष्टीने घरट्याचा उपयोग ते ओरबाडण्यातच आहे. आणि तरीही जी गोष्ट तेथे निःसंशय आहे ती ही की, घरटे कोणासाठी तरी आहे. ते पिलासाठी आहे. उपयोग हा शब्द उच्चारताना 'कोणाला?' हे पद आपण गिळून टाकतो, आणि सारी घसरण तेथून सुरू होते. सडा निरुपयोगी नाही. तो आपल्याला निरुपयोगी आहे. टिटवीला, गरुडाला, फुरशाला तो उपयोगीच आहे. भूशिराने लाटा अंगावर घ्याव्या आणि शेजारच्या पुळणीत कासविणीने अंडी घालावी, ह्या व्यवहारात माणसाचे नाव कोठेच नाही, म्हणून तो व्यवहार घडत नाही असे होत नाही. 'पोटखराब' हे भूमीचे वर्णन नव्हे. ते मापणाऱ्याच्या पोटाचे वर्णन आहे.

येथवर आल्यावर सर्वांत बळकट आक्षेप पुढे येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोट हे काही हसण्यावारी नेण्याचे प्रकरण नाही. ह्याच कातळाने पोट भरत नाही म्हणून रत्नागिरीची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. गावात राहिली ती म्हातारी माणसे, बायका, मुले आणि महिन्याची मनिऑर्डर. ज्याच्या घरी पंख्याखाली बसून मासिक वाचण्याइतकी स्वस्थता आहे, त्याने शेकडो कोसांवरून 'तुमचा कातळ तसाच राहू द्या' असा उपदेश करावा, हे कोणत्या नीतीत बसते? २०२३ सालच्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी भूमीची तपासणी सुरू झाली, तेव्हा विरोध करणारेही त्या मुलखातले होते आणि रोजगाराच्या आशेने अनुकूल असणारेही त्याच मुलखातले होते. त्यांच्यातील वादाचा निवाडा धंतोलीत करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथापि दूरच्या माणसाला निवाड्याचा अधिकार नसला म्हणून त्याला कर्तव्यच नाही, असे ठरत नाही. पहिले कर्तव्य खोटे न बोलण्याचे. बारसूच्याच सड्यावर कोणे एके काळी माणसांनी कातळात आकृती कोरल्या. कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या देहात इतर प्राण्यांच्या आकृती भरल्या आहेत. ह्या कातळशिल्पांत आज कोकणात कोठेही नसलेला गेंडाही आहे. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी ती काही हजार वर्षांची आहेत ह्याविषयी नाही. २०२२ साली त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. म्हणजे ज्याला आपण रिकामे म्हणतो ते, माणसाच्या मापानेही, रिकामे नव्हते. गावकऱ्यांनी तर ते कधीच रिकामे मानले नाही. पावसाळ्यानंतर गुरांसाठी तेथील गवत त्यांनी कापले, खळग्यात भात लावला, चिरे काढले, आणि जागोजागी नावे दिली. रिकामे हा शब्द बाहेरून येतो. एखादी वस्तू मोडावयाची असेल तर, 'येथे अमुक आहे आणि ते आम्ही अमुक कारणासाठी मोडीत आहोत' असे म्हणावे. 'येथे काही नव्हते' असे म्हणू नये. ज्याचा घात करावयाचा त्याचे अस्तित्वच नाकारणे हा घाताहून निराळा आणि अधिक हीन अपराध आहे.

ह्या बाबतीत महाभारतकारांची सत्यनिष्ठा विलक्षण आहे. खांडववन जाळले ते कथेच्या नायकांनी. कृष्ण आणि अर्जुन ह्यांनी एकही प्राणी निसटू नये अशी दक्षता घेतली. कवीला हे सहज दोन श्लोकांत संपविता आले असते. परंतु तो जळणाऱ्या जीवांचे वर्णन करतो, आणि मग युद्धकथा थांबवून जरिता नावाच्या पक्षिणीचे आणि तिच्या पंख न फुटलेल्या चार पिलांचे बोलणे ऐकत बसतो. वन जळते, पण ते रिकामे होते असे कोणास म्हणता येत नाही. त्या दाहातून वाचलेल्या मयासुराने जी सभा बांधली, तिच्यातच दुर्योधनाच्या अपमानाचे आणि पुढील द्यूताचे बीज पडले, हेही कवी लपवीत नाही.

दुसरे कर्तव्य खर्चाचे आहे. 'अमुक वस्तू आपल्या उपयोगाची नसली तरी असावी' असे म्हणणे फुकट आहे. म्हणूनच ते बहुधा पोकळ असते. मूल्य मानणे म्हणजे त्यासाठी काही सोसण्यास तयार असणे. मंडणगड तालुक्यातील वेळास, हे नाना फडणीसांचे मूळ गाव, येथील पुळणीवर सागरी कासवे अंडी घालतात आणि ती अंडी पूर्वी लोक उकरून नेत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती राखावयास प्रारंभ केला. २००६ पासून पिले समुद्रात जाण्याच्या दिवसांत तेथे कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांना घरोघरी उतरवून गावाला चार पैसे मिळू लागले. येथे कोणी म्हणेल, हा शेवटी उपयोगच झाला. झाला खरा, परंतु क्रम पाहावा. अंडी राखली ती चार वर्षे आधी. पाहुणे आले ते नंतर. कासव राहावे हे अगोदर ठरले, आणि मग ते राखणाऱ्याचे नुकसान होऊ नये ह्याची तजवीज झाली. जेथे अशी तजवीज होत नाही, तेथे दूरच्यांच्या सद्भावनेचा सारा बोजा जवळच्या गरिबावर पडतो, आणि त्याने तो झुगारून दिला तर त्यास दोष देता येत नाही.

म्हणून भूशिरे आणि सडे राहावे असे ज्या नागपूरकराला, पुणेकराला, मुंबईकराला वाटते, त्याने त्याचा सारा भरला पाहिजे: कराच्या रूपाने, वर्गणीच्या रूपाने, किंवा विजेच्या आणि तेलाच्या आपल्या मागणीला थोडा आळा घालून. कारण सड्यावर जे उभे राहावयाचे असते ते बहुधा सड्यावरील माणसाच्या भुकेसाठी नसते. त्याची भूक पुढे करून ते आपल्या सोयीसाठी असते. भुकेला अन्न मागण्याचा हक्क आहे, आणि तो सर्वांत वरचा आहे; परंतु तिने अमुकच कातळ फोडावा असे भुकेने कधी सांगितलेले नाही. ते सांगणारे पोट भरलेले असतात.

सातबाऱ्यावरील तो शब्द बदलावा अशी सूचना करण्याचा येथे हेतू नाही. तलाठ्याचा हिशेब तलाठ्याने करावा. फक्त वाचणाऱ्याने तो वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की, त्या रकान्यात जे लिहिले आहे ते आपल्या पिकापुरते खरे आहे. त्याच रकान्यातील भूमीवर मृगाच्या पहिल्या आठवड्यात दीपकाडी फुलते, काही दिवस उभी राहते आणि कोणी पाहिले न पाहिले तरी बी धरून वाळून जाते. ती आपल्यासाठी फुलत नाही. एवढे मनापासून मान्य करणे आपल्याला जड जाते, आणि नीतीचा बराचसा भाग तेवढेच मान्य करण्यात आहे.